चेन किती घट्ट, किती ढिली?

आपल्यातल्या कितीतरी जणी दुधाचे कॅन, भाजीची गाठोडी घेऊन मोटारसायकलवरून बाजार गाठतात. कुणी स्वतः चालवतात, कुणी मागे बसतात. गाडी खडखडायला लागली की आपण मेस्त्रीला सांगतो, "चेन टाईट करा." आमचं म्हणणं, आधी मोजा. चेन जितकी घट्ट तितकी चांगली, असं नसतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्राच्या मधोमध चेनचा खालचा पदर बोटाने वर उचला, मग खाली दाबा. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे ढिलेपणा. शिवणाची टेप लावा. साध्या १००-१२५ सीसीच्या गाड्यांना साधारण २ ते ३ सेंटिमीटर असतो, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरला बहुधा एक रबरी बूच असतं, ते काढलं की बोट आत जातं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी बघा आणि सर्वांत घट्ट जागेचं माप धरा.

ढिली चेन आवाज करते, गाडीला झटके देते आणि एखाद्या खड्ड्यात चक्रावरून उतरते. उतरून अडकली तर मागचं चाक जागीच जाम. मागे लेकरू घेऊन बसलेल्या बाईला याचा अर्थ सांगायला नको.

घट्ट चेन मात्र गुपचूप नुकसान करते. वजन पडलं की गाडीचा मागचा भाग दबतो, दोन चक्रांमधलं अंतर किंचित वाढतं आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर ठीक वाटणारी चेन दोन माणसं आणि दोन कॅन चढले की बेअरिंग खाते, चक्राचे दात खाते, कधी तुटतेसुद्धा. तो २-३ सेंटिमीटरचा ढिलेपणा यासाठीच.

चेन ताणताना मागच्या ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे असतात. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं. नट परत पक्का आवळला का, हे मेस्त्रीला विचाराच. गॅरेजात गर्दी असते. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकलं की ब्रेकही आवळतो, म्हणून निघण्याआधी चाक हाताने फिरवून बघा आणि ब्रेक दाबून बघा.

उघडी चेन चिखलातून आली की रॉकेलने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. पेट्रोल नको, जळकं ऑइलही नको, त्यात कचकच असते. आणि इंजिन चालू ठेवून चेन कधीच पुसू नका. फडक्याबरोबर बोट चक्रात जातं.

चक्राचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर ताणून उपयोग नाही. चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते.