डॉक्टर विचारतात, ‘घरात बंदूक आहे का?’

तान्ह्या बाळाला डोस द्यायला नेलं की डॉक्टर काय काय विचारतात? दूध पितं का, झोप नीट लागते का, शी-शू व्यवस्थित होते का? अमेरिकेत मात्र बालरोगतज्ज्ञांच्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडते: घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात ठेवता ना?

आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण तिथली गोष्टच वेगळी. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७च्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत. माणसं कमी, बंदुका जास्त! २०२० साली तर तिथल्या लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीनं वाहन अपघातांनाही मागे टाकलं.

डॉक्टरांचं म्हणणं साधं आहे. औषधं मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोहण्याच्या तलावाला कुंपण घाला, हे जसं सांगतो तसंच हे. बंदूक विकून टाका असा आग्रह नाही. ती रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली मुलांना सापडू देऊ नका, एवढंच. घरात कुणी निराशेनं ग्रासलेलं असेल तर ही काळजी दुप्पट महत्त्वाची. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८ हजारांवर बळी घेतले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. जिवावर उदार होण्याची ती घडी अनेकदा टळून जाते. पण हाताशी बंदूक असली, तर सावरायला वेळच मिळत नाही.

कायदा आला, कायदा गेला

सगळ्यांनाच हा प्रश्न रुचत नाही. फ्लोरिडात २०१० साली एका आईनं ‘ही आमची खासगी बाब’ म्हणत उत्तर नाकारलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं. गाजावाजा झाला. २०११ मध्ये त्या राज्यानं कायदाच केला: उपचारासाठी गरज नसताना डॉक्टरांनी बंदुकीबद्दल विचारू नये! मोडल्यास दहा हजार डॉलर्सपर्यंत दंड. डॉक्टर कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१७मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला, की अशी बंदी म्हणजे डॉक्टरांच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला. मात्र बंदूक आहे म्हणून रुग्णाशी भेदभाव करता येणार नाही, हे कलम कायम राहिलं. उत्तर न देण्याची मुभा रुग्णाला आहेच.

या वादाची झळ भारतीय वंशाचे डॉ. विवेक मूर्ती यांनाही लागली. बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे, असं म्हटल्यामुळे २०१४ साली त्यांची सर्जन जनरलपदी नेमणूक कित्येक महिने रखडली. त्याच पदावरून जून २०२४मध्ये त्यांनी बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हणून जाहीर केलं.

लेकी-सुना अमेरिकेत असलेल्या आजी-आजोबांनी एवढं ध्यानात ठेवावं: नातवंडं कुणाकडे खेळायला जाणार असतील, तर तिथे बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे आधी विचारून घ्यायला संकोच नको. आणि आपल्या गावाकडच्या घरातली कीटकनाशकाची बाटली? तीही कुलपातच हवी.