साखळी करवत

वृक्ष पाडणे, फांद्या छाटणे व ओंडक्यांचे तुकडे करणे यांसाठी हातात धरून चालवावयाचे यांत्रिक साधन. पोलादी पट्टीच्या कडेवरील खाचेतून वेगाने फिरणाऱ्या दातेरी साखळीने लाकूड कापले जाते. जर्मनीतील आन्ड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विद्युत् शक्तीवर व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. या करवती चालविण्यास दोन माणसे लागत. एकट्याने वापरता येण्याजोग्या हलक्या करवती दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आल्या.

एंजिन : पेट्रोल करवतीचे एंजिन सामान्यतः एक सिलिंडरी, हवेने थंड होणारे व द्विधाव प्रकारचे असते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलानेच त्याचे वंगण होते. हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरात जाण्यापूर्वी भुजादंडाभोवतीच्या बंदिस्त पेटीत दाबले जाते. म्हणून ही पेटी नुसते आवरण नसून एंजिनाचा कार्यकारी भाग असते. तिच्या सांध्यातून हवा आत शिरल्यास मिश्रणातील इंधनाचे व त्याबरोबर वंगणाचेही प्रमाण घटते, एंजिन अतिशय तापते आणि दट्ट्या सिलिंडरात अडकून बसतो.

व्यावसायिक व मध्यम प्रतीच्या करवतींतील मुख्य भेद या पेटीच्या रचनेत आहे. व्यावसायिक करवतीत ती मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूची असून उभ्या प्रतलात जोडलेल्या दोन भागांची बनलेली असते. भुजादंडाचे धारवे तिच्यात पक्के बसविलेले असतात व सिलिंडर वर स्वतंत्रपणे जोडलेला असतो. त्यामुळे केवळ सिलिंडर काढून दट्ट्या बदलता येतो. पट्टीवर येणारा ताणही धातूच्याच सांगाड्यावर पडतो. मध्यम प्रतीच्या अनेक करवतींत धारव्यांच्या बैठकीचा वरचा अर्धा भाग सिलिंडराच्या ओतिवात व खालचा वेगळ्या झाकणात असतो. शिंपल्याचे दोन अर्ध मिटावेत तसे ते जोडून तयार झालेले एंजिन प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवितात. ही रचना स्वस्त पडते व अधूनमधूनच्या कामास पुरेशी टिकाऊ असते. तथापि दट्ट्या बदलण्यासाठी संपूर्ण एंजिन बाहेर काढावे लागते.

एंजिनाचे घनफळ समान असले, तरी या भेदांमुळे कार्यक्षमता समान राहत नाही. उदा., श्टील कंपनीच्या एमएस २६१ सी-एम या व्यावसायिक व एमएस २७१ या मध्यम प्रतीच्या करवतींचे घनफळ ५०·२ घ. सेंमी. इतकेच आहे, परंतु पहिलीची शक्ती सुमारे ३ किवॉ. व पट्टी, साखळी आणि इंधन सोडून वजन ४·९ किग्रॅ., तर दुसरीची अनुक्रमे २·६ किवॉ. व ५·६ किग्रॅ. आहे. दिवसभर करवत उचलणाऱ्या कामगारास हा फरक जाणवतो.

सुरक्षितता : पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की, करवत चालकाकडे उसळते. अशा वेळी साखळी क्षणार्धात थांबविणारा गतिरोधक दोन्ही प्रकारांत आवश्यक असतो. दीर्घकाळच्या कंपनांमुळे बोटांतील रक्ताभिसरण बिघडून ती पांढरी व बधिर होतात. त्यामुळे मुठी व एंजिन यांच्यामध्ये स्प्रिंगा किंवा रबरी ठोकळे बसवितात. करवत कोणत्याही प्रतीची असली, तरी शिरस्त्राण, कर्णरक्षक व साखळीस अडविणारी खास विजार वापरणे जरूर असते.