काउंटरवर झोपणाऱ्या मुलाचे मॉल

दुकान म्हटलं की गल्ला हवा, माल मांडायला फळ्या हव्यात. पण दुकानाच्या काउंटरवर रोज रात्री अंथरूण घातलेलं कधी पाहिलंय? फिलिपाइन्स देशातल्या मनिला शहरात एक बारा वर्षांचा मुलगा असाच झोपायचा. त्याचं नाव हेन्री सी.

हेन्रीचा जन्म १९२४ सालचा, चीनच्या फुजियान प्रांतातला. घरी गरिबी. वडील पोट भरण्यासाठी मनिलाला गेले होते. १९३६ साली हेन्रीही समुद्र ओलांडून त्यांच्या मदतीला पोचला. वडिलांचं दुकान होतं 'सारी-सारी'. तिथल्या तागालोग भाषेत याचा अर्थ नाना प्रकारचं, सटरफटर. म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकानच म्हणा ना! दुकान इतकं लहान, की मागे खोली नाही आणि वर माळाही नाही. मग काय, रात्री काउंटर मोकळा करायचा आणि त्यावरच आडवं व्हायचं.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. दुकान लुटलं गेलं, जळलं. वडील चीनला परतले. हेन्री मात्र मनिलातच राहिला. युद्धानंतर त्यानं अमेरिकन सैनिकांचे बूट विकायला सुरुवात केली. १९५८ साली त्याचं 'शूमार्ट' हे बुटांचं दुकान उभं राहिलं. हळूहळू बुटांच्या शेजारी कपडे आणि घरातल्या वस्तूही आल्या. नावही आखूड झालं, नुसतं 'एसएम'!

तुम्ही म्हणाल, मोठं दुकान आणि मॉल यांत फरक तो काय? सांगतो. दुकानात दुकानदार स्वतःचा माल विकतो. मॉलचा मालक इमारत बांधतो आणि आतले गाळे दुसऱ्यांना भाड्यानं देतो. गर्दी खेचणारी मोठी दुकानं बहुधा टोकांना असतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना वाटेतली लहान दुकानं आपोआप दिसतात. आहे की नाही गंमत? सी कुटुंबाच्या मॉलमध्ये ही गर्दी खेचणारी मोठी दुकानंही त्यांचीच होती.

पण त्यांचा पहिला मोठा मॉल बांधायची वेळ मात्र फार वाईट होती. १९८३ साली बेनिग्नो अक्विनो या विरोधी नेत्याची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. देश हादरला. १९८४ आणि १९८५, दोन्ही वर्षी देशाचं उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी घटलं. कर्जाचं व्याज तर आभाळाला भिडलेलं. अशात नोव्हेंबर १९८५ मध्ये एड्सा या मोठ्या रस्त्यावर हेन्रींनी मॉल उघडला. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, त्याच रस्त्यावर लाखो माणसं उतरली आणि हुकूमशहा मार्कोस देश सोडून गेले. मॉल मात्र टिकला. १९९१ साली 'मेगामॉल' आला, २००६ साली समुद्रकाठी 'मॉल ऑफ एशिया'.

हेन्रींची सहाही मुलं, दोन मुली आणि चार मुलगे, या धंद्यात राबली. २००१ साली कुटुंबानं चीनमध्ये पहिला मॉल उघडला. कुठे, ठाऊक आहे? फुजियान प्रांतातच, शियामेन शहरात! २०१९ साली हेन्री वारले. आज फिलिपाइन्समध्ये एसएमचे ८० हून अधिक मॉल आहेत.

मग सगळं गोडच का? नाही हं. २०१२ साली बागियो या डोंगरावरच्या शहरात मॉल वाढवण्यासाठी १८२ झाडं हलवायचं ठरलं, तेव्हा लोक निषेधाला रस्त्यावर उतरले होते. मॉलला जागा लागते, आणि ती जागा आधी कुणाची तरी असतेच, मग ती झाडांची का असेना.

आणि सारी-सारी दुकानांचं काय झालं? ती आजही गल्लोगल्ली आहेत, लाखोंनी! कारण तिथे शाम्पूची एकच पुडी मिळते, आणि ओळखीवर उधारीही. मॉलमध्ये उधारी मागून बघा बरं!

पुढच्या वेळी मॉलमध्ये गेलात, तर टोकाला कुठली दुकानं आहेत ते पाहा. आणि घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानदारकाकांना विचारा, की मॉल आल्यावरही त्यांची कुठली गिऱ्हाइकं त्यांना सोडून गेली नाहीत, आणि का. दुकानदारीचा अर्धा धडा तिथेच मिळेल.