वेगळ्या मालाला वेगळा शोध

ईबे १९९५मध्ये ऑनलाइन लिलावाची जागा म्हणून सुरू झालं. पुढे तिथे मोटारी आणि त्यांचे सुटे भागही आले. पुस्तक घेणारा लेखकाचं नाव टाकून शोधतो. ब्रेक पॅड घेणाऱ्याचा प्रश्न एकच: हा माझ्या गाडीला बसेल का? म्हणून ईबे मोटर्स या विभागात गाडीचं वर्ष, कंपनी आणि मॉडेल निवडण्याची सोय आहे; मग त्या गाडीचेच भाग समोर येतात.

नुसतं पान वेगळं करून हे साधत नाही. विक्रेत्याने माल चढवतानाच ही माहिती वेगवेगळ्या रकान्यांत भरलेली हवी. वर्णनात कुठेतरी ‘२०१२च्या स्विफ्टला चालेल’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला कळतं, शोधाच्या फिल्टरला नाही. खरी मेहनत इथेच आहे. पान सजवणं त्यामानाने सोपं.

मात्र तुमच्या विक्रीच्या साइटवर मालाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं पान काढत सुटू नका. रिकामं पान दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. माल भरपूर असेल आणि गिऱ्हाइकाचे प्रश्न खरोखर वेगळे असतील, तरच वेगळं पान काढा.