उलटे अक्षर, सुलटा ठसा

कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीची जुनी तसबीर तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना काही काळ घाटकोपरला होता, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांच्याही घरात देव पोचला तो अशा छापील चित्रांमुळे. ही गोष्ट मला त्या चित्रांच्या सौंदर्याहून मोठी वाटते.

ही छपाई दगडावरची, म्हणजे शिळाछाप. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, तेही उलटे. मग डिंक-आम्लाचा हात देऊन दगड ओला करायचा. तेल आणि पाणी यांचे कधी जमत नाही. म्हणून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते. रंग जितके, दगड तितके! आणि प्रत्येक रंग नेमका जागेवर बसला पाहिजे. नाहीतर लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे.

गुरुजी, शाळेत एवढा दगड कुठून आणणार? बटाटा आणा. तो मधोमध चिरून पुसून कोरडा करा. एका अर्ध्यावर फूल आणि दुसऱ्यावर त्याचा फक्त मधला गोल ठेवून बाजूचा भाग कोरून काढा. कोरले ते कोरे राहते, उरले ते छापते. सुरी मात्र तुमच्याच हाती असू द्या. आधी पिवळे फूल छापा, ते वाळू द्या, मग लाल गोल. एखादे मूल 'क' कोरील आणि कागदावर तो उलटा उमटेल. हसू द्या वर्गाला. ही गोष्ट फळ्यावर सांगून कळत नाही.

आता संगणक. तिथे दगडाऐवजी थर असतात. पिवळे फूल एका थरावर, लाल गोल दुसऱ्यावर काढा. एक थर झाकला की दुसरा एकटा दिसतो. अक्षर उलटे करायला एक कळ पुरते. ते उलटे अक्षर कागदावर छापून घेतले, की बटाट्यावर गिरवायला आयता नमुना मिळतो. पडद्यावर रंग भडक आणि कागदावर फिके दिसले तर यंत्राला दोष देऊ नका. पडद्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळतो. कागदावर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई.

मग एक गंमत करून पाहा. आधी फक्त पिवळा थर छापा, तोच कागद पुन्हा यंत्रात घालून लाल थर छापा. गोल थोडा सरकलाच, तर मुलांना विचारा: मळवलीचा कारागीर काय करत असेल?