मोबाइलमधला बाजार, लेखांक ४ : खेळ फुकट, बाकी सगळं विकत

व्हिडिओ गेमचे पैसे पूर्वी दारातच चुकते व्हायचे. टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट एकदा विकत आणली की तिच्यातला शेवटचा टप्पाही घरचाच असे. सांगलीसारख्या नाट्यपंढरीला हा व्यवहार चांगला ओळखीचा आहे : तिकीट काढून भावे नाट्यमंदिरात बसलेल्या प्रेक्षकाकडे दुसऱ्या अंकाचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. मोबाइल गेमने ही रीत उलटी केली. प्रवेश फुकट झाला आणि खेळ रंगात आल्यावर आत थोडेथोडे पैसे मागितले जाऊ लागले. या किरकोळ खरेदीला ‘मायक्रोट्रान्झॅक्शन’ म्हणतात.

२००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवले, तेव्हा खेळाडूंनी त्याची खिल्ली उडवली होती. आज तीच पद्धत मोबाइल गेमचा मुख्य धंदा आहे. सातारा-सांगलीकडे तिची वाट २०१६ मध्ये मोकळी झाली. जिओचा स्वस्त डेटा आणि यूपीआय एकाच वर्षी आले. कराड, विटा किंवा कोरेगावच्या मुलाला पुढे बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती) खेळायला ना महागडा संगणक लागला, ना क्रेडिट कार्ड.

विक्रीचे मुख्य प्रकार तीन. पहिला शोभेचा : बीजीएमआयमधले पोशाख आणि बंदुकांच्या स्किन, म्हणजे बाह्य रंगरूप. दुसरा वेळेचा : ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये बांधकामाला लागणारे तास-दिवस रत्ने खर्चून वाचवता येतात. तिसरा नशिबाचा : आत काय निघेल हे माहीत नसलेली पेटी. पेटीत हवी ती वस्तू निघण्याची शक्यता दरवेळी १ टक्का असेल, तर १०० पेट्या उघडूनही दर १०० खेळाडूंपैकी सुमारे ३७ जणांना ती मिळत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले.

रुपये थेट मोजावे लागत नाहीत, हेही महत्त्वाचे. आधी टॉप-अप मारून यूसी किंवा डायमंड ही गेममधली नाणी घ्यायची आणि मग वस्तू. समजा, वस्तू ७० नाण्यांची आहे आणि नाणी ६०-६० च्या पुडीतच मिळतात. मग दोन पुड्या घ्याव्या लागतात, ५० नाणी उरतात आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा भर घातली जाते. शिवाय एकदा नाणी झाली की किती रुपये गेले, याचा हिशेब डोळ्यांसमोर राहत नाही.

बहुसंख्य खेळाडू एक रुपयाही खर्च करत नाहीत. कमाई थोड्या खेळाडूंकडून होते. तरी फुकट खेळणारा कंपनीला हवाच असतो. महागडा पोशाख बघायला कोणीच नसेल, तर तो विकत कोण घेईल? फुकट खेळणारे ही ती बघणारी गर्दी, आणि खेळाची किंमत ते वेळेने आणि धीराने मोजतात. खेळ मुद्दाम संथ केला जातो, मोक्याच्या जागी अडवला जातो, ‘ऑफर संपायला दहा मिनिटे’ असे घड्याळ समोर लावले जाते. ‘फ्री फायर’मध्ये काही स्किनने बंदुकीची ताकदही बदलते, तिथे कौशल्यावर खेळणारा आणि पैसे घालणारा एका पातळीवर उरत नाहीत.

विकत घेतलेली वस्तू मालकीची नसते, तिच्या वापराची फक्त परवानगी मिळते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा थांबली आणि पैसे मोजून घेतलेले सामान एका दिवसात हाताबाहेर गेले.

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्याच्या खेळांवर बंदी घातली. खेळापुरते वापरायचे पोशाख विकण्यावर त्यात बंदी नाही. खोटी घाई लावून खरेदी करायला लावणे मात्र ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैर आहे.

घरात मोठ्यांचा मोबाइल मुलांच्या हाती असतो आणि दुकानात पैसे देण्यासाठी सांगितलेला यूपीआय पिन त्यांना पाठ असतो. म्हणून पिन बदलून स्वतःजवळ ठेवणे, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीआधी पडताळणी चालू करणे आणि आपोआप पैसे कापणारे ऑटोपे तपासणे, ही पहिली कामे. चुकून खरेदी झालीच, तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडे परताव्याची विनंती करता येते. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.