चिपाडाच्या ताटलीवर अमेरिकेत चौकशी

1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक ताटल्या देशभर बंद झाल्या, तारकर्लीच्या किनाऱ्यावरही. त्यांची जागा घेणारी एक ताटली आपल्या चिपाडाची, म्हणजे बगॅसच्या लगद्याची. असल्या लगद्याच्या ताटल्यांपायी अमेरिकेत केवढे रामायण! 8 ऑक्टोबर 2024 रोजी चीन-व्हिएतनामविरुद्ध तक्रार झाली: सरकारी मदत घेऊन पडेल भावाने माल ओततात. डंपिंगची चौकशी वेगळी, मदतीची वेगळी. तक्रारदारांत फ्लोरिडाची टेलस कंपनी. तिच्या मालकांत ऊस उत्पादकांची सहकारी संस्था आहे. आपलेच भाऊबंद की हो!

वैभववाडीकडचा ऊस करूळ घाट चढून गाळपाला जातो. टनामागे पावणेतीनशे-तीनशे किलो ओले चिपाड निघते, ते बहुतेक बॉयलरात जळते. ताटलीला दिले तर बॉयलरात काय घालायचे, हा हिशेब संचालक मंडळाने सभेपुढे मांडावा, असे आम्हांला वाटते.